वाळूतली पंचविसावी पलटण

स्मरणिका समितीच्या मुलांनी ‘काका, पंचवीस वर्षांवर काहीतरी लिहा’ म्हणून गळ घातली. पंचवीस म्हटल्यावर मला आपल्या सोसायटीच्या आधी अमेरिकेतली एक पलटण आठवली. कोणी म्हणेल, म्हातारा भरकटला. पण शेवटी मी आपल्या गेटपाशीच येणार आहे, तेवढा धीर धरा.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे सेंट लुईसला तीन महिने होतो. जावई मला सकाळी फॉरेस्ट पार्क नावाच्या प्रचंड बागेत फिरायला सोडायचे. १८९७ च्या जुलैत काळ्या सैनिकांची एक तुकडी सायकली चालवत याच बागेत येऊन उतरली होती, हे तिथल्या लायब्ररीत वाचलं आणि परत निघेपर्यंत मी तेच वाचत राहिलो.

ही माणसं अमेरिकन सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतली. त्या काळी तिकडे काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या असत आणि त्यांच्यावरचे अधिकारी बहुतेक गोरे. जेम्स मॉस हा त्यांचा तरुण लेफ्टनंट वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत आपल्या वर्गात शेवटचा आलेला. घोड्याला दाणापाणी लागतं, सायकलला लागत नाही, मग सैन्याने सायकल का वापरू नये, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. १४ जून १८९७ ला माँटाना राज्यातल्या फोर्ट मिसूलाहून तो वीस सैनिक, एक डॉक्टर आणि एक कोवळा वार्ताहर बरोबर घेऊन निघाला. गाठायचं होतं सेंट लुईस. अंतर १,९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या वर.

प्रत्येक सैनिकाजवळ रायफल आणि काडतुसं, हँडलला अंथरूण-पांघरुणाची वळकटी, मधल्या दांड्यांत अडकवलेली शिध्याची पेटी. सामानासकट सायकल साठ पौंडांच्या आसपास. गिअर वगैरे काही नाही. पुढचा शिधा रेल्वे स्टेशनांवर आधीच पाठवलेला, त्यामुळे तिथवर पोचणं भागच. सुरुवातीला पाऊस आणि चाकं जाम करणारा चिखल. रॉकी पर्वताच्या माथ्यावर तर जून महिन्यात बर्फ.

पण खरे हाल झाले ते नेब्रास्का राज्यातल्या सँड हिल्स या वाळूच्या टेकड्यांत. तिथला एक दिवस कसा जायचा ते ऐका. रस्ता म्हणजे घोट्याच्या वरपर्यंत वाळू. सायकलवर बसलं की चाक रुतायचं. मग सगळे रेल्वेच्या रुळांवर चढायचे. स्लीपरवरून सायकल दामटली तर हाडं खिळखिळी व्हायची, म्हणून उतरून ढकलायची. सावलीत ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले ४३, आणि सावली कुठेच नाही. तापलेल्या वाळूने तळपायांना फोड. पाणी मिळायचं ते क्षारांचं. प्यावं तर पोट बिघडणार, न प्यावं तर जीभ टाळ्याला चिकटणार. त्या पाण्याने कितीतरी जण आजारी पडले. खुद्द मॉस आडवा झाला आणि मागे राहिला. तेव्हा डॉक्टर पुढारी झाले आणि माणसं चालत राहिली. हा सुमारे १७० मैलांचा पट्टा ओलांडायला त्यांना साडेचार दिवस लागले. रोजचे साठ किलोमीटर, तेही बरेचसे ढकलत!

ढकलणं म्हणजे काय ते मला थोडंफार ठाऊक आहे. १९७१ मध्ये आम्ही चार मित्र पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने गेलो होतो. पसरणी घाटात दुपारी दोन वाजता मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो होतो, असं मित्र अजून चारचौघांत सांगतात. (खरं आहे.) माझी वळकटी दुसऱ्याने स्वतःच्या कॅरिअरला बांधली म्हणून मी वर पोचलो. आमचा तो एकच घाट आणि वर पाचगणीला गरम चहा. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाळू.

२४ जुलैला ते सेंट लुईसला पोचले. एकूण ४१ दिवस. बघायला हजारो लोक लोटले. पुढच्याच वर्षी स्पेनशी युद्ध सुरू झालं आणि सैन्याच्या सायकली मागे पडल्या.

या तुकडीत मिंगो सँडर्स नावाचा सार्जंट होता. वय चाळिशीला टेकलेलं, एका डोळ्याने दिसत नव्हतं. तरी तो शेवटपर्यंत पोचला. नंतर क्यूबात आणि फिलिपाइन्समध्ये लढला. १९०६ मध्ये पलटणीतल्या तीन कंपन्या टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलला होत्या. तिथे एका रात्री गोळीबार होऊन एक माणूस मेला. आमचे शिपाई त्या वेळी बराकीतच होते, असं त्यांचे गोरे अधिकारी सांगत होते. पण गुन्हेगारांची नावं कोणी सांगत नाही, या कारणावरून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ जणांना खटला न चालवता सैन्यातून काढून टाकलं. त्यात सँडर्सही होता. १८८१ ची भरती, पंचवीस वर्षांची नोकरी, आणि पेन्शन शून्य.

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. काही वर्षं मी पेन्शनच्या काउंटरवर होतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला थरथरत्या हाताने सही करणारे म्हातारे पाहिलेत. पैशापेक्षाही ‘तुमची नोकरी आमच्या वहीत आहे’ एवढं त्यांना ऐकायचं असायचं. सैन्याने ते १९७२ मध्ये कबूल केलं आणि सगळ्यांना निर्दोष ठरवलं. सँडर्सला जाऊन तोवर चाळीस वर्षं उलटली होती. डॉर्सी विलिस नावाचा एक म्हातारा हयात सापडला, त्याला २५ हजार डॉलर मिळाले.

वाळू कितीही असो, माणूस ढकलत ढकलत पार होतो. वहीतून नाव खोडलं गेलं तर मात्र त्याची चिकाटी काही कामाची नाही. तिथे वही सांभाळणाऱ्यानेच जागं राहावं लागतं.

आता आपलं गेट. टँकरच्या दिवसांत रात्री दोन वाजता उठून व्हॉल्व्ह फिरवणारे आपले वॉचमनकाका बावीस वर्षं तिथे आहेत. एजन्सी तीनदा बदलली, काका तेच राहिले. त्यांचा प्रॉव्हिडंट फंड किती जमलाय, ते मी सेक्रेटरींना विचारलं. कागद सापडत नाहीत म्हणाले. संस्थापक सभासदांची यादी या अंकात छापली आहे, छानच आहे. पण येत्या सर्वसाधारण सभेत काकांच्या हिशेबाचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनाला एक हात लागेल.