ओटीतली खारीक

खारीक आणि खजूर ही दोन वेगळ्या झाडांची फळं आहेत असं आमच्या बारामतीकडच्या नात्यागोत्यात अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. वाटणारच! खजूर उपवासाचा, मऊ आणि चिकट. खारीक ओटीतली, बाळंतिणीच्या लाडवातली, अडकित्त्याशिवाय दाद न देणारी. पण झाड एकच. फरक एवढाच, की फळ कधी उतरवलं आणि उतरवल्यावर त्याचं काय केलं.

फळ पिवळं किंवा लाल, कडक असतानाच उतरवायचं, मोठ्या कढईत उकळायचं आणि उन्हात वाळवायचं, की झाली खारीक. झाडावरच पिकून मऊ होऊ दिलं, की खजूर. ओमानमध्ये मबसली जातीच्या फळांना अशी उकळी देण्याची जुनी रीत आहे. तिला 'तबसील' म्हणतात, आणि तयार होणाऱ्या खारकेला 'बुसूर'. हा बुसूर मुख्यतः हिंदुस्थानात विकण्यासाठीच बनायचा. सिंधमधल्या खैरपूरकडेही खारीक अशीच होते. म्हणजे इंदापूरच्या एखाद्या सुनेच्या ओटीत पडलेली खारीक मस्कतहून नाही तर सिंधहून आलेली असायची. आणि गंमत म्हणजे कच्छमध्ये 'खारेक' म्हणतात ती ताज्या, करकरीत फळाला. त्या कच्छी खारकेला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

हा व्यवहार आजकालचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात इराणच्या आखातातून भडोचला भरपूर खजूर येत असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर इथून गाड्यांतून भडोचला माल जात असल्याचंही लिहिलं आहे. आखातातला खजूर आणि आपला घाटावरचा मुलूख यांना जोडणारी वाट अशी दोन हजार वर्षांची आहे.

आता त्यात असतं काय ते पाहू. कच्च्या कडक फळातली साखर बरीचशी आपल्या उसाच्या साखरेसारखी, म्हणजे सुक्रोज असते. फळ पिकताना त्यातलं एक विकर या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. उकळी दिली की ते विकर मरतं आणि साखर आहे तशीच राहते. जातीजातीतला मोठा फरकही इथेच आहे. मेडजूल या मऊ खजुरात सुक्रोज जवळपास नसतंच. डेगलेट नूर या कोरडसर जातीत मात्र १०० ग्रॅममागे २४ ग्रॅमच्या आसपास असतं. बाकीचा हिशेब दोघांचा सारखाच: साधारण २८० कॅलरी, ६३ ते ६७ ग्रॅम साखर, ७-८ ग्रॅम तंतू, साडेसहाशे ते सातशे मिलिग्रॅम पोटॅशियम, आणि लोह जेमतेम १ मिलिग्रॅम.

हो, लोह एवढंच! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात वाळलेल्या खजुराला ७.३ मिलिग्रॅम लोह दिलेलं आहे. तेच खरं धरा हवं तर. एका लाडवात दोन खारका, म्हणजे पंधरा ग्रॅम धरू. त्यातून लोह मिळतं १ मिलिग्रॅम, आणि वनस्पतींतलं असल्यामुळे त्यातलंही थोडंच अंगी लागतं. सरकारी दवाखान्यातून बाळंतिणीला १८० दिवस रोज जी गोळी देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं.

मग आपल्या आज्या-पणज्या वेड्या होत्या का? मुळीच नाही. त्यांचा काळ आठवा. इंदापूर आणि आजच्या बारामतीचा हा पट्टा अवर्षणाचा. १८७६-७८ च्या दुष्काळाने तो होरपळून निघाला. नीरा डावा कालवा आला १८८५ साली, त्यानंतर हळूहळू ऊस वाढला. त्याआधी ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या घरात बाळंतीण अशक्त असायची ती आधी पोटभर अन्नाअभावी. वर्षभर न नासणारी, कीड लवकर न लागणारी, मूठभर खाल्ली तरी अंगात ताकद आणणारी गोष्ट म्हणजे खारीक. ती दुरून यायची, महाग पडायची, म्हणूनच मानाने ओटीत पडायची. ओढ्याकाठची शिंदी ही खजुराचीच बहीण, पण तिच्या फळात गर कमी आणि बीच मोठी. तिचा भाव झाला तो तिच्या रसामुळे, आणि त्यावर अबकारी बसली.

पुढे सगळंच उलटलं. १९३० च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला, मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर. ज्या मुलखात गोड दुर्मिळ होतं तिथे आता साखरेची पोती निघतात. आज आपल्या लेकीसुनांना उणीव आहे ती साखरेची नाही, लोहाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळलं. आणि आपण मात्र "खारीक खातेय ना, मग गोळ्या कशाला? उष्ण पडतात" असं म्हणून मोकळे होतो! हे वाक्य मी आमच्याच घरात, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे.

म्हणून नात्यातल्या सगळ्या मावश्या-आत्यांना हात जोडून सांगणं, लाडू जरूर करा. डिंक घाला, खोबरं घाला, खारीक सढळ हाताने घाला. पोट साफ राहील, ताकद येईल, आणि कोणीतरी आपल्यासाठी खारका फोडल्या याचं सुखही असतंच. मात्र ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हात आखडता घ्या. आणि बाळंतिणीच्या उशाशी लाडवाचा डबा ठेवाल तेव्हा शेजारी ती लाल गोळीही ठेवा.

खारकेने तिचं काम केव्हाच चोख बजावलंय. दुसऱ्याचं काम तिच्या गळ्यात कशाला घालायचं?