पडवीतली मोटरसायकल

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. इथल्या चिरेबंदी, कौलारू घरांना गॅरेज नव्हतं, म्हणून मोटरसायकल नाइलाजाने पडवीत आली, असं समजलं जातं. मला ते पटत नाही. पडवी ही मुळातच भिजू नये अशा वस्तूंची जागा: नांगर, जू, सरपण, इरली. पावसाआधी तिच्या उघड्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधायची रीत जुनीच. बंदरात होड्या वर ओढून शाकारतात, त्यामागचा विचारही हाच. १९६१ पासून म्हैसूरला जावा बनू लागली, १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली; अशा गाड्यांना घराने नांगराशेजारी जागा करून दिली. जोत्यावर फळी टाकून गाडी चढवायची, आणि सारवलेल्या जमिनीत स्टँड रुतू नये म्हणून त्याखाली लाकडाचा तुकडा सरकवायचा.

घरात पेट्रोल म्हणजे धोका, हा आक्षेप खरा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. बंद खोलीत गाडी ठेवूच नये. पण झाप बांधल्यावरही पडवीत वारा खेळता राहतो, आणि चूल असते मागच्या अंगाला. खाऱ्या हवेत गंज चढायचाच, हेही मान्य. तरी प्लास्टिकने घट्ट गुंडाळलेल्या गाडीत ओल कोंडते आणि क्रोमवर तांबूस ठिपके लवकर उमटतात. अपार्टमेंटच्या जिन्याखाली तर वाराही नाही, आणि आग लागली तर बाहेर पडायची वाटही तीच.