मधुमेहाचें मूळ: मूत्रपिंडांत कीं रक्तांत?

मधुमेह्याच्या मूत्रास मुंग्या लागतात, हें चरकसंहितेंत नमूद आहे. इंग्लंडांत थॉमस विलिसनें १६७४ सालीं त्या गोडीविषयीं लिहिलें. पण ही गोडी येते कोठून? पुष्कळ वैद्य मूत्रपिंडासच दोष देत.

लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनचा एक रुग्ण दिवसास २८ पाइंट मूत्र टाकी. डॉब्सननें तें आटविलें, तों बोटांत सहज चुरडणारी पांढरी वडी उरली, चवीला साखरच! तेवढ्यावर न थांबतां त्यानें रुग्णाच्या रक्ताची निवळही चाखली. (आज बोटाच्या एका थेंबांत जी साखर यंत्र मोजतें, तिची पहिली परीक्षा अशी जिभेनें झाली.) निवळ गोड होती, मात्र मूत्राहून कमी. साखर मूत्रपिंडांत उपजत नसून रक्तांतूनच येते, हा निष्कर्ष त्यानें १७७६ सालीं प्रसिद्ध केला.

रोग्याच्या तहानेचा उलगडाही आम्हांस येथेंच दिसतो. रक्तांतील साखर फार वाढली कीं मूत्रपिंडांस ती सगळी परत घेतां येत नाहीं, आणि जातांना ती पाणी ओढून नेते. रोगी फार पाणी पितो म्हणून लघवी फार होते, ही घरोघरची समजूत उलटी आहे. अशा रोग्याचें पाणी तोडणें म्हणजे सुकत्या देहास आणखी सुकविणें होय.