साउंड कार्ड
संगणकातील अंकीय संकेतांचे ध्वनीच्या विद्युत संकेतांत आणि माइककडून आलेल्या विद्युत संकेतांचे अंकीय संकेतांत रूपांतर करणारे उपकरण. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर हे कार्ड १९८९ मध्ये बाजारात आले. पुढे ही सोय मदरबोर्डवरच मिळू लागली.

निवड : गाणी ऐकण्यास सीडीचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ हा दर्जा पुरतो. ध्वनिमुद्रणास २४ बिट घ्यावे. त्यात आवाजाची पातळी कमी ठेवूनही बारकावे टिकतात. कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माइकच्या तारेतूनच दिली जाणारी वीज) देणारा यूएसबी इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचे साउंड कार्ड, लागतो.

जोडणी : हिरव्या सॉकेटात स्पीकर, गुलाबीत माइक, निळ्यात लाइन-इन. घरघर येत असल्यास संगणक व ॲम्प्लिफायर एकाच अर्थिंगच्या बोर्डावर लावावेत. अर्थिंग मात्र तोडू नये. मुद्रण करताना बफर (ध्वनीची माहिती तात्पुरती साठवण्याची जागा) लहान ठेवल्यास आवाज कानी येण्यातला विलंब घटतो. फार लहान केल्यास आवाज तुटतो.

देखभाल : अलिबाग तालुक्यातील चौलसारख्या किनारी गावांत खाऱ्या, दमट हवेने जॅक गंजतात व खरखर येते. सोन्याचा मुलामा असलेले जॅक अधिक टिकतात. पावसाळ्यात यूएसबी इंटरफेस सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावा.