वीज, कोळसा आणि परमुलखाचा पैसा

पणतीत तेल कोणी घातले हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. गॅलरीत सोडलेल्या विजेच्या माळेत तेल घालणारा हात मात्र दिसत नाही. तो हात कोणाचा आणि त्या तेलाचे पैसे कोणी मोजले, ही कथा शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, आणि तिचा पुष्कळसा भाग आमच्या पिंपरीपासून घाटमाथ्यापर्यंतच्या मुलखात घडलेला आहे. फराळाचे ताट बाजूला ठेवण्याचे कारण नाही. चकली मोडता मोडता वाचावी अशीच ती आहे.

कथेचा आरंभ मुंबईच्या धुरापासून करावा लागतो. एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा गिरणगावची धुराडी रात्रंदिवस धूर ओकत होती आणि त्यांच्या पोटात जाणारा दगडी कोळसा बंगालमधून आणि विलायतेतून येत होता. ज्या शहराच्या आसपास कोळशाची एकही खाण नाही, त्याने आपला सारा धंदा कोळशावर उभा केला होता! सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने धो धो कोसळणारे पाणी अडवून ते घाटाखाली सोडावे, त्यावर वीज करावी आणि गिरण्या चालवाव्यात, हा विचार जमशेटजी टाटांनी उचलून धरला. 1904 साली ते वारले आणि काम त्यांचे पुत्र दोराबजी यांच्या हाती आले.

विचार चांगला होता, पैसा नव्हता. लंडनच्या सावकारी पेढ्यांशी बोलणी झाली. पण त्यांनी घातलेल्या अटी मान्य होण्याजोग्या नव्हत्या. अखेर 1910 साली कंपनी निघाली ती देशी भांडवलावर. संस्थानिकांनी आणि मुंबईच्या धनिकांनी भाग घेतले. लोणावळा, वळवण आणि शिरवते येथे धरणे झाली, सुमारे 1,700 फुटांवरून पाणी खाली उतरले आणि 1915 साली खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली. आज ज्याला आपण धूरविरहित वीज म्हणतो ती आपल्याकडे प्रथम आली ती अशी, परक्या सावकाराचा उंबरठा न ओलांडता.

पण एवढ्यावर टाळी वाजवून मोकळे होता येत नाही. त्याच कल्पनेचा पुढचा टप्पा मुळशीस आला तेव्हा तेथील मावळ्यांच्या भातजमिनी पाण्याखाली जाणार हे उघड झाले. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या हाती दिला. 1921 च्या एप्रिलमध्ये सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी. बावन्न गावांचा प्रश्न होता. लढा तीन वर्षे चालला आणि हरला. 1927 साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर चालू झाले. भांडवल देशी असले तरी किंमत ज्याने दिली तो भागधारक नव्हता, भागधारकांच्या यादीत त्याचे नावही नव्हते. पुढची सगळी हकीकत वाचताना वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मधल्या काळातली एक गंमत सांगण्याजोगी आहे. 1929 च्या सुमारास कल्याण-पुणे लोहमार्गावर विजेची एंजिने धावू लागली आणि 1930 च्या जूनपासून 'दख्खनची राणी' पिंपरी-चिंचवडवरून धूर न सोडता जाऊ लागली. लोक कौतुकाने पाहत. मात्र त्या एंजिनांना वीज मिळे ती ठाकुर्लीच्या वीजघरातून, आणि ठाकुर्लीत जळे कोळसा. पिंपरीचा धूर नाहीसा झाला नव्हता. तो कल्याणजवळ राहावयास गेला होता.

स्वातंत्र्य आले तेव्हा देशाला पोलाद हवे होते, रेल्वे हवी होती, वीज हवी होती, आणि तिजोरी लहान होती. आता परका सावकार दाराशी आला. जागतिक बँकेने भारताला पहिले कर्ज दिले ते 1949 साली रेल्वेसाठी, 3 कोटी 40 लाख डॉलरचे; त्यातून आली ती कोळशाची एंजिने. दुसऱ्याच वर्षी बोकारोच्या वीजघरासाठी 1 कोटी 85 लाख डॉलर मिळाले, तेही कोळशाचे. 1954 साली टाटांच्या तीन वीजकंपन्यांना तुर्भ्याच्या औष्णिक केंद्रासाठी 1 कोटी 62 लाख डॉलर मिळाले. चाळीस वर्षांपूर्वी जे घराणे कोळशाला कंटाळून पाण्याकडे वळले होते, ते परक्या कर्जाने पुन्हा भट्टीकडे वळले. यात कोणी कट केला असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईची भूक वाढली होती, घाटातल्या सोयीच्या जागा संपत आल्या होत्या, आणि औष्णिक केंद्र लवकर उभे राहते. सावकारालाही लवकर उभे राहणारे तारण आवडते. कोयनेसाठी 1959 साली अडीच कोटी डॉलर देणारीही तीच बँक, हे न सांगणे अन्यायाचे होईल.

डॉलरच्या कर्जाची गोडी 1966 साली उतरली. त्या वर्षी 6 जूनला रुपयाचे अवमूल्यन झाले. काल 4 रुपये 76 पैशांना मिळणारा डॉलर आज साडेसात रुपयांचा झाला. एका रात्रीत! नवे यंत्र आले नाही, एक युनिट वीज वाढली नाही. आणि देशाने घेतलेल्या डॉलर-कर्जांचे उरलेले हप्ते मात्र दीडपटीहून अधिक झाले. वाण्याकडून शेरभर साखर उधार आणावी आणि फेडताना त्याने शेराचे मापच बदलावे, तसा हा प्रकार.

पुढची वर्षे भराभर सांगून टाकतो. औष्णिक केंद्रे वाढत गेली, 1985 साली चंद्रपूरच्या केंद्रासही जागतिक बँकेने कर्ज दिले. 1990 नंतर दाभोळला एन्रॉन आली. ही योजना परवडणारी नाही म्हणून 1993 साली त्याच बँकेने हात आखडता घेतला होता, आपण घेतला नाही, आणि 2001 साली महाराष्ट्राच्या वीज मंडळाने त्या महाग विजेला रामराम ठोकला. मग पृथ्वी तापते आहे हे जगाला पटू लागले. 2013 साली जागतिक बँकेने जाहीर केले, की यापुढे कोळशाच्या केंद्रांना अगदी क्वचितच कर्ज देऊ. ज्या दुकानाने चौसष्ट वर्षांपूर्वी कोळशाची उधारी सुरू केली त्यानेच ही पाटी लावली. चूल पेटवून देणाऱ्याने धुराबद्दल बोल लावावा, यात थोडा हसण्याचा भाग आहेच.

आणि आता आमच्या संत तुकाराम नगरात येतो. येथील मेट्रोचे स्थानक 6 मार्च 2022 रोजी खुले झाले. पुणे मेट्रोसाठी 2019 साली फ्रान्सच्या विकास-संस्थेने 24 कोटी 50 लाख युरोचे कर्ज दिले. युरोपीय गुंतवणूक बँकेने एकूण 60 कोटी युरो देऊ केले. मोटारींचा धूर कमी होईल म्हणून हे कर्ज हवामानरक्षणाच्या कामात मोजले जाते. आमच्या वर्गातल्या एका मुलीने मध्येच विचारले, "मग मेट्रो कशावर चालते?" विजेवर, असे सांगितले. "आणि वीज?" देशात तयार होणाऱ्या दर चार युनिटांपैकी जवळजवळ तीन अजून कोळशाची आहेत, स्थानकांच्या छपरांवर सौर तावदाने बसली आहेत ती खरी, पण ती पुरी पडत नाहीत. ती म्हणाली, "म्हणजे ठाकुर्लीसारखंच." दख्खनच्या राणीचा धडा आदल्या आठवड्यात झाला होता.

मेट्रोत आम्ही रोज बसतो आणि ती बरी वाटते, हेही लिहून ठेवतो. प्रश्न तिचा नाही, हिशेबाचा आहे. 2009 साली कोपनहेगनला श्रीमंत राष्ट्रांनी कबूल केले, की 2020 पर्यंत गरीब राष्ट्रांना हवामानासाठी वर्षाला 10,000 कोटी डॉलर मिळवून देऊ. ती रक्कम त्यांच्याच हिशेबाप्रमाणे प्रथम 2022 मध्ये पुरी झाली, आणि सरकारी पैशातला मोठा वाटा दानाचा नसून कर्जाचा होता. 2024 साली बाकूला नवा आकडा ठरला तो 2035 पर्यंत वर्षाला 30,000 कोटींचा. भारताच्या प्रतिनिधींनी तो फार अपुरा म्हणून तेथल्या तेथे नाकारला. नाकारणे बरोबर होते असे आमचे मत आहे. शंभर-दीडशे वर्षे कोळसा जाळून ज्यांनी घरे बांधली त्यांनी शेजाऱ्याला धूर नको म्हणून व्याजाने पैसे द्यावेत, आणि तेही स्वतःच्या नाण्यात, याला मदत हा शब्द शोभत नाही. 2019 च्या आरंभी युरो सुमारे 80 रुपयांना होता. आज तो शंभरीच्या आसपास आहे. 1966 चे माप पुन्हा बदलते आहे, फक्त एका रात्रीत नव्हे, हळूहळू.

सूर्य आणि वारा दोन्ही आपल्याच अंगणातले. पण सूर्य मावळला की तावदाने झोपतात, आणि दिवाळीच्या माळा तर मावळल्यावरच लागायच्या. म्हणून 2023 च्या ऑगस्टमध्ये टाटांनी महाराष्ट्र सरकारशी करार केला तो शिरवते आणि भिवपुरी या त्याच जुन्या ठिकाणांसाठी: दिवसा स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी पुन्हा खाली सोडून वीज करायची. दोन्ही मिळून 2,800 मेगावॉट, खर्च सुमारे 13,000 कोटी रुपये. लंडनच्या सावकारांशी अटींवरून जमले नाही ते याच डोंगरासाठी. आता धूर नको असलेले सावकार जगभर पैसा घेऊन फिरत आहेत. शिरवत्याच्या पाण्याभोवतीची गावे मावळ तालुक्यातली आहेत. लोकलने लोणावळ्यास उतरले की तेथून ती फार दूर नाहीत.