दिसत होतं, क्षितिज नव्हतं

१६ जुलै १९९९, शुक्रवार.

संध्याकाळी ६.३२. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे पुत्र आणि हौशी वैमानिक जॉन एफ. केनेडी ज्युनिअर यांच्या खात्यावरून इंटरनेटवर हवामानाची माहिती मागवली गेली. न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटापर्यंतच्या वाटेवर धुरकट हवा, दृश्यता दहा मैलांपासून चार मैलांपर्यंत. नजरेच्या आधारे उडण्याच्या नियमानुसार एवढी पुरे होती. माझा आक्षेप इथेच आहे. नियम किती लांबचं दिसतं ते मोजतो. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं, ते वैमानिकाला दिसतं का, हे मोजत नाही.

८.१४. सूर्यास्त. विमान अजून जमिनीवरच. केनेडी यांच्या दुखावलेल्या पायावरचा आधाराचा बूट आदल्या दिवशीच निघाला होता. फक्त उपकरणांवर भिस्त ठेवून उडण्याचं प्रशिक्षण त्यांनी सुरू केलं होतं, लेखी परीक्षाही दिली होती. पण २५ पैकी १२ धडेच झाले होते. एका प्रशिक्षकाने सोबत येण्याची तयारी दाखवली, तेव्हा एकट्यानेच उडवायचंय, असं त्यांनी सांगितलं.

८.३८. न्यू जर्सीतल्या एसेक्स काउंटी विमानतळावरून त्यांच्या पायपर साराटोगा विमानाने उड्डाण केलं. सोबत पत्नी कॅरोलिन आणि मेव्हणी लॉरेन. फ्लाइट प्लॅन भरलेला नव्हता. अमेरिकेत नजरेच्या आधारे उडणाऱ्याला तो सक्तीचा नाही. टॉवरशी बोलणं संपल्यावर त्यांनी कोणत्याही नियंत्रकाशी संपर्क साधला नाही.

पुढचा जवळजवळ तास ५,५०० फुटांवर, किनारा धरून. खाली गावांचे दिवे होते तोवर काही बिघडलं नाही.

९.३४ च्या सुमारास किनारा मागे पडला होता. बेट ३४ मैलांवर असताना विमान खाली उतरू लागलं. त्याच रात्री तिथून गेलेल्या दुसऱ्या एका वैमानिकाला बेटावर एकही दिवा दिसला नाही. वीज गेली असावी, असं त्याला वाटलं.

९.३८. उजवं वळण. मग २,२०० फुटांवर उतरणं थांबलं, विमान चढून २,६०० वर गेलं, डावीकडे वळलं. एकसारखं वळण वीसेक सेकंद चाललं, की कानाच्या आतला द्रव स्थिरावतो आणि शरीराला आपण सरळ उडतोय असंच वाटतं. मग ते वळण सोडलं, की उलट बाजूला कलल्याचा भास होतो. अशा वेळी शरीराचं ऐकायचं नाही, काट्यांचंच ऐकायचं, हे अंगात मुरायला सरावच लागतो. इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये असा सराव नसलेल्या २० जणांची चाचणी घेतली; वीसही जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

९.४० वाजून १५ सेकंद. पुन्हा उजवं वळण. दहा सेकंदांत कल ४५ अंशांपलीकडे गेला आणि पुढे उतरण्याचा वेग मिनिटाला ४,७०० फुटांपलीकडे.

९.४० वाजून ३४ सेकंद. १,१०० फूट. रडारवरची शेवटची नोंद.

रात्री १०.०५. व्हिनयार्डच्या विमानतळावरून एकाने फोनवर या विमानाची चौकशी केली. हाती काही लागलं नाही.

मध्यरात्रीनंतर २.१५. विमान पोहोचलं नसल्याचं कुटुंबाच्या एका मित्राने तटरक्षक दलाला कळवलं. फ्लाइट प्लॅन असता, तर पोहोचण्याची वेळ टळून अर्धा तास होताच विचारपूस आपोआप सुरू झाली असती. जीव त्याने वाचले नसते, कारण विमान सुमारे ११६ फूट खोल पाण्यात गेलेलं होतं. पण वाट पाहणाऱ्यांचे चार तास असे गेले नसते.

मृतदेह २१ जुलैला सापडले. जुलै २००० च्या चौकशी अहवालाने इंजिनात बिघाड आढळला नसल्याचं नमूद केलं. कारण दिलं ते दिशाभ्रमाचं, आणि भर घालणाऱ्या गोष्टी दोन: धुरकट हवा, काळोखी रात्र.