पूर्वीसारखं म्हणजे कधीसारखं?

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पारावर एक सभा भरते. अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन नाही. विषय दरवर्षी तोच, काल रात्रीचा तमाशा. निकालही ठरलेला, आता पूर्वीसारखं राहिलं नाही!

यंदा सुरुवात केली अण्णांनी. अण्णा साखर कारखान्यात चिटबॉय होते. इंदापूर तालुक्यातल्या उसाचा फड आणि तमाशाचा फड, दोन्हींची त्यांना सारखीच माहिती. म्हणाले, "गुरुजी, गण झाला का नाही तेच कळलं नाही. गौळण धा मिनिटांत उरकली. मग नुसती गाणी. ती तर माझ्या नातवाच्या मोबाइलवर बी हायती." नातू शेजारीच होता. तो म्हणाला, "आबा, मग लोकं शिट्ट्या कशाला मारत होती?"

यावर अण्णांकडे उत्तर एकच असतं, विठाबाई. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५ ते २००२) हे नाव निघालं की आमच्या पिढीतला माणूस अर्धा तास थांबत नाही. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही बाई कनातीत उभी राहिली की मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचायचा. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला आणि पारावर दोन तट पडले, आईकडचे आणि लेकीकडचे. मी मनातून आईकडचा. पण इतिहास शिकवण्यात उमेद गेली, त्यामुळे "पूर्वीसारखं" हा शब्द ऐकला की विचारावंसं वाटतं, पूर्वीसारखं म्हणजे नक्की कधीसारखं?

हा वाद आपल्याकडे किती जुना आहे ते पाहायला लांब जायला नको. शेजारच्या बारामतीत कऱ्हेकाठी मोरोपंत राहिले, १७९४ साली तिथेच वारले. त्यांच्याच काळात सोलापूरचे रामजोशी लावण्या रचून गात होते. घराणं जोशी-पुराणिकांचं, थोरले बंधू मुद्गल जोशी पुराण-कीर्तन करणारे, आणि धाकट्याला डफ-तुणतुण्याचा नाद! घरातून बाहेर पडावं लागलं. या रामजोशींची आणि मोरोपंतांची बारामतीत भेट झाली, पंतांनी त्यांना 'कविप्रवर' म्हटलं, असं परंपरा सांगते. रामजोशी कीर्तनाला उभे राहिले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून लोकांच्या तोंडी घातल्या. पुस्तकांत याची नोंद होते ती एक शाहीर सन्मार्गाला लागला अशा थाटात. मला मात्र नेहमी त्या माणसांची आठवण होते, जी रामजोशींची लावणी ऐकायला कोस कोस चालत येत असतील. त्यांनी मंदिराच्या ओवरीत बसून आर्या ऐकल्या असतील तेव्हा घरी जाताना काय बोलले असतील? "पहिल्यासारखा राहिला नाही गडी," हेच ना?

पुढे हेच चालत आलेलं दिसतं. होनाजी बाळाने ढोलकीच्या जागी तबला आणला आणि लावणी बैठकीत बसवली. आज आम्ही ज्या वगासाठी गळा काढतो तो वग तरी कुठे अनादि आहे? उमाजी सावळजकरांचा 'मोहना बटाव' हा पहिला वग मानतात, तो १८६५ चा. म्हणजे त्याआधीच्या रसिकाला वग ही नव्या पोरांची थेरं वाटली असणार. मग पठ्ठे बापूराव आले. श्रीधर कुळकर्णी नावाचा हा रेठऱ्याचा ब्राह्मण पवळेबरोबर फडात उभा राहिला, त्यावर तर केवढा गहजब झाला. आणि आता तेच आमचं सोनं.

पण सगळं इतकं सोपं असतं तर हा लेख इथेच संपवला असता. "सगळंच बदलत असतं हो" म्हणून हात झटकणारी माणसं मला तितकीशी आवडत नाहीत. काहीतरी गेलं आहे हे अण्णांचं म्हणणं खरं आहे. ते कसं गेलं, एवढाच आमचा मतभेद.

एक तर कायदा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर कर्णा बंद, ठराविक दिवशी फार तर बारापर्यंत सवलत. वग हा रात्रीचा प्रकार आहे. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी होईतो मध्यरात्र उलटायची, मग वग उभा राहायचा तो तांबडं फुटेपर्यंत. वेळ कापला तेव्हा कात्री कुठे लागणार? शेवटाला. दिवसभर कान किटलेल्या आजाऱ्याच्या बाजूने मी कायद्याला दोष देणार नाही. पण वगाला त्याचीच रात्र उरली नाही, हेही खरं. त्यात २०२० आणि २०२१ च्या जत्रा करोनाने गेल्या. दोन हंगाम बसून काढल्यावर फडमालक जे हमखास चालतं तेच करणार.

दुसरं कारण सांगायला थोडा संकोच होतो. साल १९७४ असेल. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. 'पिंजरा' येऊन दोन वर्षं झाली होती आणि राम कदमांच्या चाली आमच्या डोक्यात भिनल्या होत्या. एका जत्रेत वग ऐन रंगात असताना आम्ही चार-पाच तरुण मास्तर मागून ओरडू लागलो, "पिंजऱ्यातलं होऊ द्या!" सोंगाड्या दिवसा गावात हिंडून कोण कोण आहे ते हेरून ठेवायचा. तो थांबला, हात जोडून म्हणाला, "मास्तरलोक हायत, धडा पुरा व्हायच्या आधीच सुट्टी मागत्यात." सारी कनात हसली. गाणं झालं. आम्ही दौलतजादा केली. वग पुन्हा सुरू झाला तेव्हा निम्मी माणसं चहाला उठली होती, आणि त्यांत मीही होतो.

ती रात्र मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. यंदा पारावर सांगितली. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी बी हुतो तिथं. तुमच्याच पुढं."

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला जातात. यंदा आमच्या गावाकडून अण्णाही गेले होते आणि तेव्हाच त्यांनी अट घातली होती, वग पाहिजे. फडमालक म्हणे हसला नाही. म्हणाला, "रात्री वेळ पुरत नाय बापू. दुसऱ्या दिवशी दुपारी हजेरीला करतो की. माणसं मन लावून काम करतील. फकस्त मला एवढं सांगा, उन्हात बसणार किती?"

सुपारी ठरली ती वगाशिवाय. पुढच्या वर्षासाठी आम्ही पारावरच कागद घेऊन नावं लिहायला बसलो. अकरा झाली. बाराव्या नावासाठी अण्णांनी नातवाकडे पाहिलं. तो म्हणाला, "किती वेळाचा असतो?"